एकतीस तारखेची गाडी

आत्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाला हितेश आला होता. शोरूमवाला. समाजमंदिरात शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसला होता. ऑफिसमधून तसाच आला असावा, कारण टाय काढून शर्टाच्या खिशात कोंबलेला होता आणि त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. घरच्यांपैकी माझ्याशिवाय त्याला कोणी ओळखलं नाही. पप्पांनी कागदावरून तुझी जन्मतारीख वाचली, कुठल्या कुठल्या उपकेंद्रांवर तू नोकरी केलीस ते वाचलं. एक डॉक्टर तुझ्या सेवावृत्तीबद्दल बोलले. तीन नर्सबाई रडल्या. गाडीबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

जेवणाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. "मी हितेश. सिस्टरनी माझ्याकडून गाडी घेतली होती." मी त्याला आधीच ओळखलं होतं. पण ओळखलं असं मी पटकन दाखवत नाही, ते तुला माहीत आहे.

"एक बात बोलू का?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी आमच्या सरांना इंग्लिशमध्ये काहीतरी बोललो होतो, तुम्ही दोघी होता तेव्हा. डिलिव्हरीच्या दिवशी सिस्टर मला साइडला घेऊन गेल्या. म्हणाल्या, काय बाळा, टाइमपास कसा झाला? दोघी लेडीजच होतो ना आम्ही? मला वाटलं, जमीन फाटून आत जावं." मग त्यानं आवाज खाली घेतला. "म्हणाल्या, माझ्या भाचीला बोलू नको. तिला वाटतं, मला समजलं नाही. तसंच राहू दे."

म्हणजे तुला समजलं होतं. दोन वर्षं तुला माहीत होतं की त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले.

आत्या, हे आपण तू असतानाच बोलायला हवं होतं. आता मी एकटीच बोलणार, आणि तू मध्ये तोंड घालणार नाहीस. आपल्या दोघींच्या बाबतीत ही पहिलीच वेळ.

तुला रिटायर होऊन तीन महिने झाले होते. रविवारी तू पालेगावहून रिक्षा करून आमच्याकडे कॅम्प पाचला आलीस, बोंबलाची चटणी आणली होतीस, आणि मिक्सर घ्यायचाय म्हणावं तसं म्हणालीस, "मला गाडी घ्यायचीय."

पप्पा पेपर वाचत होते. "कसली गाडी?"

"चार चाकांची. नवी."

"ताई, तुला कशाला गाडी? कुठं जायचंय तुला?"

"ते ठरवलं नाही. म्हणूनच गाडी पाहिजे."

पप्पांना वाटलं तू थट्टा करतेस. मग तू पर्समधून लायसन्स काढून टीपॉयवर ठेवलंस. रिटायर व्हायच्या आधी सहा महिने, कोणाला न सांगता, तू पहाटे अंबरनाथला ड्रायव्हिंग शिकत होतीस. फोटोत तू केस चापून बसवले होतेस आणि पासपोर्टच्या फोटोतल्या माणसांसारखी घाबरलेली दिसत होतीस. आयुष्यात तू घाबरलेली दिसलीस ती त्या एका फोटोत.

मला कारण तू नंतर सांगितलंस. तीस वर्षं तू बदलापूरहून बारवीकडच्या पाड्यांवर जायचीस ते जीपमध्ये, मागच्या फळीवर, मांडीवर लशीचा डबा घेऊन. जीप भरेपर्यंत सुटायची नाही, आणि सुटली की ड्रायव्हरच्या मनात येईल तिथं थांबायची. त्याची टपरी, त्याची विडी, त्याचा मेव्हणा. "धरणाजवळ एक वळण आहे," तू म्हणालीस. "तिथून पाणी एकदम पुढ्यात येतं. तीस वर्षं त्या वळणावरून गेले, एकदाही तिथं उतरले नाही. मला पाहिजे तिथं थांबणारी गाडी पाहिजे, बस."

पप्पांनी लगेच सूत्रं हातात घेतली. सेकंड हँड बघू, माझ्या ओळखीचा एक आहे, मी बोलतो त्याच्याशी. "गाडीचा व्यवहार आहे ताई. साडी नाही."

"साडीवाला तुला फसवतो. मला नाही," तू म्हणालीस. "गाडी नवी घेणार. अडीच लाखात, रस्त्यावर येईपर्यंतचे सगळे धरून. वर एक रुपया नाही. कागदावर नाव माझं एकटीचं आणि भावही मीच करणार. तू यायचं नाहीस."

"एकटी जाणार?"

"हिला नेईन."

पप्पा इतके हसले की पेपर खाली पडला. "हिला? अगं, ही रिक्षावाल्याकडं सुट्टे पैसे मागत नाही! मौनीबाबा आहे आपली!"

तू हसली नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "गाडीवाले इंग्रजी फाडतात. हिला इंग्रजी येतं." ते खरं होतं. त्या शाळेत मला घालायचा हट्टही तुझाच होता, आणि तिथलं डोनेशन तू हेडमिस्ट्रेससमोर बसून निम्म्यावर आणलं होतंस, हे पप्पा अजून सांगतात. माझ्या इंग्रजीचा भावसुद्धा तूच केला होतास.

मी माझ्या पद्धतीनं तयारीला लागले. सायबर कॅफेत जाऊन चार गाड्यांचे प्रिंटआउट काढले, तक्ता केला: किंमत, अ‍ॅव्हरेज, लांबी, रुंदी, एसी, पॉवर स्टिअरिंग. तू चष्मा लावून तो तक्ता पूर्ण वाचलास, केसपेपर वाचावा तसा, वरून खाली बोट फिरवत. मग विचारलंस, "बारवीच्या रस्त्यावर बंद पडली तर कोण दुरुस्त करेल, हा रकाना कुठाय?"

तो रकाना तू स्वतः भरलास. त्या रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलीस. त्याच्या दोन्ही पोरांना तूच डोस पाजलेले. त्याला विचारलंस की तुझ्याकडे कुठली गाडी सगळ्यात कमी येते, आणि आलीच तर कुठलीचे पार्ट तुझ्याकडे पडलेले असतात. त्यानं जी सांगितली ती माझ्या तक्त्यात सगळ्यात खाली होती. साधी, बिनएसीची, दिसायला साबणाच्या डबीसारखी. मग तू पोरांची उंची मोजायची तुझी जुनी टेप घेऊन तुझ्या बिल्डिंगचं गेट मोजलंस. माझ्या आवडीची गाडी गेटातून आत येत होती, पण आल्यावर तिची दारं उघडली नसती.

एसीवरून आपलं वाजलं ते मात्र मिटलंच नाही. मी म्हटलं, मे महिना आहे, आत्या. तू म्हणालीस, मे महिना वर्षातून एकदाच येतो. मी म्हटलं, धूळ येते. तू म्हणालीस, "एसी लावला की काचा बंद. काचा बंद केल्यावर रस्त्यावरनं कोणी हाक मारली तर मला ऐकू कशी येणार?" मी म्हटलं, गाडीत बसलेल्या माणसाला रस्त्यावरून कोण हाक मारतं? हे बोलताना मला पाड्यांवरची माणसं ठाऊकच नव्हती. तरीही सांगते, एसीच्या बाबतीत माझंच बरोबर होतं.

मग ती सकाळ. तू मला बजावलंस, "शोरूममध्ये हसायचं नाही. गाडीला हात लावायचा नाही. वॉव म्हणायचं नाही."

"मी कधी वॉव म्हणते?"

"म्हणून तर तुला नेतेय."

दहा वाजता आपण दारात होतो. वॉचमन शटर वर करत होता. तुझा हिशेब सोपा होता: कॅम्पमधल्या कुठल्याही दुकानात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. सिंधी दुकानदार गल्ला उघडून तुझी वाट बघत बसायचे आणि तूही माझ्या शाळेच्या बुटांपासून पप्पांच्या लग्नातल्या पंगतीच्या भांड्यांपर्यंत सगळं बोहनीच्या वेळी घेतलेलं. गाडीही तशीच घ्यायची, असं तू मनाशी पक्कं धरलं होतंस.

हितेश हातात चहाचा ग्लास घेऊन आला. गाड्यांवरची कापडं अजून काढायची होती.

"बोहनीची वेळ आहे बाळा. नीट भाव सांग."

तो हसायला लागला. "आंटी, ये कपडा मार्केट थोडी है! इधर कंपनीचा रेट चालतो. बोहनी-बिहनी काही नाही." मग आपल्या दोघींच्या मागे दाराकडे बघितलं. "अंकल नाही आले?"

"कुठले अंकल?"

"म्हणजे... घर से कोई जेंट्स?"

"तू आहेस ना," तू म्हणालीस, आणि समोरच्या गाडीचं कापड स्वतःच ओढून काढलंस.

तू ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसा नीट करत होतीस. मी बाहेर, दाराजवळ उभी. हितेश काचेच्या केबिनशी गेला, तिचं दार उघडं होतं. आत मॅनेजर होता, बाहेरगावचा, त्याला मराठी येत नसावं. हितेश त्याला म्हणाला, "टाइमपास ओन्ली, सर. टू लेडीज. नो जेंट्स. फाइव्ह मिनिट्स, आय विल सेंड देम." मॅनेजरनं मान वर न करताच हात हलवला.

"काय म्हणाला गं तो?" तू आरशात बघत विचारलंस.

"काही नाही. स्टॉकमध्ये किती आहेत ते विचारत होता."

तू "हं" म्हणालीस. आरसा थोडा आणखी फिरवलास.

मी तेव्हा स्वतःला समजावलं की तुला वाईट वाटू नये म्हणून मी लपवलं. ते खरं नाही. तुला सांगितलं असतं तर तू गाडीतून उतरून सरळ केबिनमध्ये गेली असतीस, चार माणसं बघायला लागली असती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मला उभं राहावं लागलं असतं. मी स्वतःला वाचवलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला खात्री होती की तुला कळलं नसणार. त्या वाक्यात न कळण्यासारखं काय होतं, आत्या? तू तीस वर्षं केसपेपर इंग्रजीत लिहिलेस, औषधांची नावं इंग्रजीत वाचलीस, तालुक्याच्या मीटिंगांमध्ये डॉक्टरांचं इंग्रजी ऐकलंस. पण तू मराठी शाळेतली आणि मी कॉन्व्हेंटची, म्हणून इंग्रजी माझ्या एकटीच्या मालकीचं असल्यासारखी मी वागले. ज्या शाळेनं मला असं केलं तिथं मला तूच घातलं होतंस, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

पाच मिनिटांत त्यानं आपल्याला खरंच वाटेला लावलं. हातात पत्रक, तोंडावर हसू.

बाहेर रिक्षासाठी उभ्या असताना मला वाटलं तू खट्टू झाली असशील. तू म्हणालीस, "त्याच्या पाठीमागचा फळा बघितलास?"

मी नव्हता बघितला. मी बारीकसारीक गोष्टी बघते असं सगळे म्हणतात. मी केबिनचं दार बघितलं, वॉचमनच्या चपला बघितल्या. फळा नाही.

"सेल्सवाल्यांची नावं होती. प्रत्येकापुढं आकडे. खाली लिहिलेलं, प्रत्येकी आठ." तुझे डोळे चमकत होते. "आमच्या दवाखान्यात असाच फळा होता गं! कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेसचा. कुठल्या नर्सच्या किती झाल्या, किती राहिल्या. महिनाअखेर आली की आम्ही घरोघर फिरायचो. एक केस कमी असली ना, तर कुठल्या बाईला काय काय कबूल करायचो, तुला सांगितलं तर हसशील. तिच्या सासूचे पाय दाबून दिलेत मी."

"मग?"

"मग काय? यांची बोहनी सकाळी नसते. एकतीस तारखेला असते."

तुझी चूक तुला कळायला शोरूमच्या दारापासून रिक्षापर्यंतचं अंतर लागलं. मला माझी कळायला दोन वर्षं.

मग आपण थांबलो. पप्पा रोज विचारायचे, "काय ताई, आली का गाडी? का चाकं मोजतेयस अजून?" तू दर चार दिवसांनी हितेशला फोन करायचीस आणि गोड आवाजात सांगायचीस की अजून विचार चालू आहे. एकदा त्यालाच सर्दी झाली होती, तर वाफ कशी घ्यायची ते सांगून फोन ठेवलास.

एकतीस मे, संध्याकाळचे सहा. तू ठेवणीतली कॉटनची साडी नेसली होतीस, पर्समध्ये चेकबुक. शोरूममध्ये तीन-चार गिऱ्हाइकं होती, सगळे पुरुषच. हितेशनं आपल्याला बघून हात जोडले, पण चेहरा थकलेला.

"किती झाल्या?" तू खुर्चीत बसत विचारलंस.

"काय, मॅडम?"

"गाड्या. या महिन्यात."

त्यानं नकळत मागे बघितलं. फळ्यावर त्याच्या नावापुढं सात.

"आठवी केस सकाळपासून शोधत असशील," तू म्हणालीस. "तुझा साहेब तुझ्याकडं बघतोय ना, तसेच आमचे डॉक्टर बघायचे. चल, कॅलक्युलेटर काढ."

पुढचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. त्यानं एकेक आकडा मांडला, तू एकेकावर बोट ठेवलंस.

"हे हँडलिंग चार्जेस काय?"

"गाडी यार्ड से इधर आणायचा खर्च, मॅडम."

"यार्ड कुठाय? मी जाऊन घेऊन येते. लायसन्स आहे माझ्याकडं."

हँडलिंग गेलं.

"मॅट, मडफ्लॅप, परफ्यूम..."

"परफ्यूम? गाडीला? मी डेटॉलच्या वासात जन्म काढला बाळा, मला काय फरक पडतोय. मॅट दे, बाकी काढ."

"व्हाइट कलर घ्या मॅडम, आज का आज देतो, त्याच्यावर डिस्काउंट पण आहे."

"तीस वर्षं पांढरं नेसले. निळी काढ."

"निळी मेटॅलिक आहे, त्याचे एक्स्ट्रा..."

"एक्स्ट्रा तुझ्या साहेबाला विचार. मी निळीच घेणार आणि अडीच लाखातच घेणार."

मला लाज वाटत होती, आत्या. हेही सांगून टाकते. बाजूच्या टेबलवरचा माणूस वळून बघत होता. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया फिक्स रेटच्या दुकानात जायच्या. कार्ड द्यायचं, पिशवी घ्यायची. घासाघीस म्हणजे गरिबी, असं माझ्या डोक्यात कुठंतरी पक्कं बसलं होतं. एकदा मी तुला तसं म्हटलंही होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "फिक्स रेटच्या दुकानात तुझं नाव तरी कोणी विचारतं का गं?" त्या टेबलाशी बसून बघत होते तर खरंच, पाऊण तासात तुला हितेशच्या आईच्या गुडघ्यांपासून त्याच्या बहिणीच्या बारावीपर्यंत सगळं कळलं होतं आणि तो तुला आंटीवरून मॅडम, मॅडमवरून सिस्टर म्हणायला लागला होता. तरीही तो आकडा खाली येताना तो घोट घोट पाणी पीत होता, तेही मला दिसत होतं. त्यावर तू काय म्हणाली असतीस, ते विचारायचं राहून गेलं.

शेवटी अडीच लाखाच्या वरच्या साडेपाच हजारांवर गाडं अडलं. मॅनेजर केबिनमधून आला. तोच. तुझ्याकडे न बघता, तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, यू टेल. दिस इज अवर लास्ट प्राइस."

तू खुर्चीत मागे टेकलीस. "बरोबर. तिलाच विचारा. सगळं तीच ठरवते."

मी हादरले. तू असं काही करशील असं रिक्षात बोलली नव्हतीस. मला म्हणायचं होतं, ठीक आहे, घेऊ या, साडेपाच हजार मी नोकरी लागली की देईन, पण इथून निघू या. तोंडच उघडेना. मी कॅलक्युलेटरकडे बघत राहिले. वरच्या एसीचा आवाज येत होता.

"ओके," मॅनेजर म्हणाला. "थ्री थाउजंड लेस."

मी आणखी गोठले.

"सीट कव्हर्स फ्री."

"बघा, तिचं तोंड काही हललं नाही अजून," तू पदरानं चष्मा पुसत हिंदीत म्हणालीस. "फार कडक आहे ती."

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग हितेशकडे. आणि हसला. पहिल्यांदाच. "डन, डन. टू फिफ्टी. सीट कव्हर्स नहीं."

"सीट कव्हर्स पण," तू म्हणालीस. "आधी बोललात तुम्ही."

फॉर्म भरताना हितेशनं विचारलं, "हजबंडचं नाव?" तू म्हणालीस, "वडिलांचं लिही." आणि आजोबांचं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलंस. सही केलीस ती मात्र झपकन, केसपेपरवर करायचीस तशी. मग मला म्हणालीस, आता हस. आता हात लाव.

ती गोष्ट तू किती जणांना सांगितलीस! लग्नात, बारशात, बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये. "मौनीबाबानं एक शब्द न बोलता साडेपाच हजार पाडले." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. पप्पा तर मला भाजी आणायला बरोबर न्यायला लागले. आणि दर वेळी मला ती सकाळ आठवायची. त्याच शोरूममध्ये, त्याच तोंडानं मी गप्प बसले होते तेव्हा कोणाचं काही वाचलं नव्हतं. तू माझ्या गप्प बसण्याचं कौतुक जितकं वाढवत गेलीस, तितकं मला ते दुसरं सांगणं अवघड होत गेलं.

आता मी हा विचार करत बसते की तू ते मुद्दाम केलंस का. तुला सगळं कळलेलं होतं. मी भित्री आहे, खोटं बोलले, हे घेऊनच तू मला एकतीस तारखेला परत घेऊन गेलीस. पप्पांना नाही नेलंस, दुसऱ्या कोणाला नाही. आणि तिथं मला एक जागा दिलीस जिथं माझं तेच गप्प राहणं उपयोगी पडलं. मला शरमिंदं करणं तुला किती सोपं होतं. हितेशला केलंसच की, एका वाक्यात, आणि नंतर त्याच्याकडं चार नर्सबाई पाठवल्यास. तो सांगत होता, "सगळ्या महिन्याच्या एंडलाच आल्या. सिस्टरनी शिकवून पाठवलेल्या." हे सांगताना त्याचे डोळे भरले आणि हसूही येत होतं.

मला मात्र तू काहीच म्हणाली नाहीस. फक्त एकदा. तू मला बारवीला घेऊन गेली होतीस, त्या वळणावर. गाडी कडेला घेतलीस, इंजिन बंद केलंस. पाणी खरंच एकदम पुढ्यात आलं. आदल्या पाड्यापासून तीन जणींनी तुला रस्त्यात हाका मारल्या होत्या, "नर्सबाय, थांब गं!" आणि तिन्ही वेळा तू थांबली होतीस. मागच्या सीटवर काकड्या आणि तांदळाची पिशवी जमली होती. तू बराच वेळ पाण्याकडे बघत बसलीस आणि मग म्हणालीस, "बोल."

"काय बोलू?"

"काही पण. तुला काही सांगायचं असेल तर."

मी म्हटलं, "एसी हवा होता."

तू स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसलीस. मीही हसले. तो क्षण गेला.

आता सांगते. तो म्हणाला होता की दोघी बायकाच आहेत, पुरुष कोणी नाही, टाइमपास आहे, पाच मिनिटांत घालवून देतो. मी ते ऐकलं होतं आणि तुझ्यापासून लपवलं. चूक झाली, आत्या. तू गाडी घ्यायला निघाली होतीस आणि माझ्या अंगात तुझ्या बाजूनं एक वाक्य बोलायची हिंमत नव्हती.

मागच्या आठवड्यात पप्पांनी विषय काढला, गाडीचं काय करायचं. गिऱ्हाईक आहे म्हणाले. मी जेवत होते. मी म्हटलं, विकायची नाही, मी शिकते. पप्पा घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "बरं."

तुझ्याच ड्रायव्हिंगच्या मास्तरांना मी शोधून काढलं. तुझ्याच गाडीवर शिकवतात. म्हणतात, तुमच्या आत्याबाई क्लच छान सोडायच्या पण मला ऐकायच्या नाहीत. मी ऐकते, पण गाडी बंद पाडते. काल पालेगावच्या नव्या रस्त्यावर एका विटांच्या टेम्पोनं वाट अडवली होती. टेम्पोवाला खाली उतरून कोणाशी तरी गप्पा मारत होता. मी थांबून राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मागे गाड्या लागल्या. खिडक्या उघड्या, घाम मानेवरून खाली येत होता.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "हॉर्न द्या की. तो काय मनातलं ऐकणारे?"

मी हॉर्न दिला. टेम्पोवाल्यानं दचकून बघितलं, हात वर केला, धावत जाऊन टेम्पो बाजूला घेतला. मास्तर म्हणाले, बास, बास, आता सोडा. हॉर्न सोडायचं माझ्या लक्षातच आलं नाही.